हान चीन आणि रोम यांची गाठ कधी पडलीच नाही का?

शंकासुर

रेशीम मार्गाचा नकाशा बघितला की माझी एक जुनी शंका डोकं वर काढते. हान राजधानी चांगआनहून निघालेली जाड लाल रेघ वाळवंट, पामीर, इराण असं सगळं ओलांडून थेट भूमध्य समुद्राला टेकलेली असते. बघणाऱ्याला वाटावं, उंटावर रेशमाचं गाठोडं टाकून माणूस इकडून निघायचा आणि तिकडे रोममध्ये उतरायचा. पण हान राजवटीतला (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) एकही माणूस रोमपर्यंत पोचल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. दोन एवढी मोठी साम्राज्यं, एकाच काळातली, एकमेकांबद्दल ऐकून असलेली, आणि तरी समोरासमोर आलीच नाहीत?

दुसरं म्हणजे, गान्सू प्रांतातल्या एका खेड्याचे व्हिडिओ सध्या फार फिरतायत. तिथल्या काही लोकांचे डोळे घारे आणि केस पिंगट, म्हणून ते म्हणे हरवलेल्या रोमन पलटणीचे वंशज. यात तथ्य किती?

तिसरं, ज्यांनी एवढी लांबलचक भिंत घातली ते मुळात पश्चिमेकडे गेलेच कशाला? आणि या सगळ्या नकाशांत भारत नेहमी रेघेच्या खाली, उगाच जागा भरायला दाखवल्यासारखा का असतो?

'चीन तेव्हाही महासत्ता होता' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. पुरावा काय आहे ते सांगा.

जुना जकातदार

शंकासुरराव, प्रश्न चांगला काढलात. माझी उभी नोकरी आल्यागेल्या मालाच्या नोंदी तपासण्यात गेली, त्यामुळे मी इतिहासही त्याच नजरेने वाचतो: माल कुणी आणला, कुणी मोजला, पैसे कुणी दिले, आणि खोटं लिहिण्यात कुणाचा फायदा होता. इतिहासाचे प्राध्यापक या पद्धतीला हसतील, हसोत.

आधी पहिला प्रश्न. भेट व्हायची एक संधी अगदी तोंडाशी आली होती. इ.स. ९७ मध्ये पश्चिमेकडच्या मुलखाचा हान सेनानी पान छाव याने गान यिंग नावाच्या आपल्या माणसाला 'दाछिन'ला, म्हणजे रोमला, जायला सांगितलं. हा गडी इराणमधलं पार्थियन राज्य (चिनी त्याला आनशी म्हणत) ओलांडून समुद्रापर्यंत पोचला, बहुधा इराणच्या आखातापर्यंत. तिथे त्याने खलाशांकडे पुढची चौकशी केली. ते म्हणाले, समुद्र अफाट आहे. वारा चांगला लागला तर तीन महिने, नाही लागला तर दोन वर्षं. म्हणून जाणारे तीन वर्षांचा शिधा घेऊन निघतात. शिवाय या समुद्रावर माणसाला घराची अशी काही ओढ लागते की कित्येक जण त्यातच मेले. गान यिंग ऐकून परत फिरला.

आता खलाशी कुठले ते बघा. पार्थियाच्या पश्चिम सीमेवरचे. आणि चिनी रेशीम पुढे विकून पोट भरणारे कोण? पार्थियनच. हे माझं तर्कट नाही. ज्या 'हौ हान शू'त (उत्तर हान काळाचा चिनी इतिहासग्रंथ) गान यिंगची हकीकत आहे त्यातच स्पष्ट लिहिलंय की दाछिनच्या राजाला हान दरबारी वकील पाठवायची इच्छा होती, पण चिनी रेशमाचा व्यापार आपल्याच हातात राहावा म्हणून आनशीने वाट अडवून धरली होती. दलाल दोन्ही गिऱ्हाइकांची गाठ घालून देत नाही, इतकं साधं आहे.

दुसरी संधी इ.स. १६६ ची. दाछिनचा राजा 'आनतुन' याचे वकील म्हणवणारे काही लोक दक्षिणेकडून, रिनानमार्गे (आजच्या व्हिएतनामचा मधला भाग) आले. आनतुन म्हणजे अँटोनायनस. त्या वर्षी रोमच्या गादीवर मार्कस ऑरेलियस अँटोनायनस होता, त्यामुळे नाव जुळतं. पण नजराण्यात काय होतं? हस्तिदंत, गेंड्याचं शिंग आणि कासवाची पाठ. हा काही रोमचा माल नव्हे, वाटेत दक्षिणेकडच्या कुठल्याही बंदरात मिळणारा माल आहे. 'हौ हान शू' लिहिणाऱ्यालाही ते खटकलं. नजराण्यात विशेष असं काहीच नाही, तेव्हा सांगोवांगीत काही घोटाळा असावा, असा शेरा त्याने मारून ठेवलाय. तो शेरा वाचला आणि मला तो मनुष्य आमच्याच खात्यातला वाटला. माझं मत: ते व्यापारी होते, आणि वकील म्हणवून घेतलं की दरबारात शिरकाव होतो हे त्यांना ठाऊक होतं.

आता भिंत. तुमचा प्रश्नच थोडा उलटा करून बघा. भिंत होती तरी भागत नव्हतं, म्हणून पश्चिमेला जावं लागलं. इ.स.पू. २०० मध्ये हान घराण्याचा संस्थापक गाओत्सू स्वतः सैन्य घेऊन उत्तरेकडच्या भटक्या शिओंग्नूंवर गेला आणि बायतंगच्या टेकडीवर मोदू शान्यूच्या (शान्यू म्हणजे त्यांचा राजा) घोडदळाने त्याला सात दिवस कोंडून ठेवलं. सुटका झाली ती लढून नव्हे. त्यानंतर काही पिढ्या हान दरबार शिओंग्नूंना दरसाल रेशीम, धान्य, मद्य आणि वर एखादी राजकन्या देत राहिला. कागदोपत्री नाव सोयरिकीचं, व्यवहार खंडणीचा. म्हणजे चिनी रेशीम गठ्ठ्यांनी बाहेर पडायला सुरुवात झाली ती व्यापारातून कमी आणि या देण्यातून जास्त.

सम्राट वू गादीवर आला तेव्हा त्याला हे देणं बंद करायचं होतं. शिओंग्नूंनी युएची नावाच्या टोळीला हाकलून लावलं होतं आणि त्यांच्या राजाच्या कवटीचा पेला केला होता. तेव्हा युएची चिडलेले असणार, त्यांना हाताशी धरू, असा हिशेब करून इ.स.पू. १३८ मध्ये चांग छियेनला शंभरावर माणसं देऊन पाठवलं. तो लगेच पकडला गेला. शान्यूने त्याला जे सुनावलं ते वाचण्यासारखं आहे: युएची आमच्या पलीकडे राहतात, हान वकील आमच्यातून जाणार कसे? मी तुमच्या दक्षिणेकडच्या युए राज्यात वकील पाठवायचं म्हटलं तर तुम्ही जाऊ द्याल का? बिनतोड होतं, उत्तर कुठून देणार.

दहा वर्षं कैद. तिथेच लग्न झालं, मूल झालं, तरी पठ्ठ्याने सम्राटाने दिलेला वकिलीचा दंड सोडला नाही. शेवटी पळाला, फरगाना (दायुआन) ओलांडून युएचींपर्यंत पोचला. ते ऑक्सस नदीच्या काठच्या सुपीक मुलखात सुखाने बसलेले. सूडबीड विसरलेले. मोहीम साफ फसली, परतताना पुन्हा पकडला गेला, आणि इ.स.पू. १२६ च्या सुमारास परत आला तेव्हा त्या शंभरांतले दोनच उरले होते: तो स्वतः आणि त्याचा साथीदार गानफू. बरोबर ती शिओंग्नू बायको.

पण त्याने आणलेला अहवाल! भारताबद्दल विचारलंत ना, तो धागा इथेच आहे. बॅक्ट्रियाच्या (दाश्या) बाजारात त्याला सिचुआनकडच्या बांबूच्या काठ्या आणि कापड दिसलं. त्याने विचारलं, हे कुठून? विक्रेते म्हणाले, आमचे व्यापारी शनतूहून आणतात. शनतू म्हणजे सिंधूचा मुलूख, भारत. तो देश दमट नि गरम आहे, मोठ्या नदीकाठी आहे, लोक हत्तीवरून लढतात. म्हणजे सरकारी वकील दहा वर्षं कैदेत खितपत पडून जिथे पोचला तिथे त्याच्या देशातलं कापड कुणी अनाम व्यापारी कधीच पोचवून मोकळे झाले होते, आणि तेही भारतातून. सम्राटाने लगेच नैऋत्येकडून शनतूची वाट शोधायला माणसं धाडली. युन्नानकडच्या टोळ्यांनी ती अडवली.

गावाबद्दल. कथा अशी: इ.स.पू. ५३ मध्ये कार्‍हीच्या लढाईत पार्थियनांनी रोमन सेनापती क्रॅससचा धुव्वा उडवला आणि हजारो कैदी पूर्वेला नेऊन बसवले. इ.स.पू. ३६ मध्ये हान फौजेने तलास नदीकाठी शिओंग्नू सरदार चिची याचा किल्ला घेतला, तेव्हा वेशीजवळ शंभरेक पायदळ 'माशाच्या खवल्यासारखी' रचना करून उभं असलेलं दिसलं. होमर डब्स या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या मध्यावर म्हटलं की हीच रोमनांची ढालींची रचना, आणि याच लोकांना गान्सूत लिछियेन गावी वसवलं.

मी कैद्यांचा हिशेब बघितला. 'हान शू'त (आधीच्या हान काळाचा इतिहासग्रंथ) तो आकड्यांसकट आहे: १,५१८ मुंडकी, १४५ जिवंत पकडलेले, हजारावर शरण आलेले. आणि पुढचं वाक्य सगळे जण गाळतात: हे कैदी मोहिमेला सैन्य पुरवणाऱ्या पश्चिमेकडच्या पंधरा राजांना वाटून टाकले. मग गान्सूला गेले कोण? खवल्यांचं म्हणाल तर दाटीने उभ्या पायदळाला कुणीही तसं म्हणेल. गावकऱ्यांच्या जनुकांच्या तपासण्या झाल्या, त्यांतूनही रोमन मूळ निघालं नाही. ज्या वाटेवर दोन हजार वर्षं सुग्दी (समरकंदकडचे व्यापारी लोक), तुर्क, इराणी ये-जा करत होते तिथे घारे डोळे दिसायला रोमन कशाला लागतात?

प्रतिसाद फार लांबला. घोड्यांच्या मोहिमेवर लिहायचं राहिलं, ते पुढे.

खापरखुंटी

जकातदारांचा प्रतिसाद आवडला, पण 'सुरुवात झाली' वगैरे शब्दांवर आक्षेप. चांग छियेनपासून मोजायचं ही दरबारी इतिहासाची सवय आहे. संपर्क त्याच्या हजार-दीड हजार वर्षं आधीपासून होता, फक्त लिहिणारं कुणी नव्हतं.

आन्यांगला १९७६ मध्ये शांग राजघराण्यातली (हानच्या कितीतरी आधीचं) राणी फू हाव हिची कबर न लुटलेली सापडली, इ.स.पू. १२०० च्या आसपासची. त्यात सुमारे सात हजार कवड्या होत्या. ७५० हून जास्त जेडच्या वस्तू होत्या, त्यांतल्या काहींचा दगड थेट तारीमच्या वाळवंटापलीकडच्या खोतानचा मानला जातो. आन्यांगमध्ये घोड्यांचे रथही याच सुमारास दिसू लागतात, आणि ते एकदम तयार, पूर्ण विकसित रूपात. आधीचे कच्चे प्रयोग मिळत नाहीत. ती विद्या गवताळ प्रदेशातून आली. गहू त्याहून जुना पाहुणा, पश्चिम आशियातून आलेला. उलट चीनमधली कांगणीसारखी भरडधान्यं पश्चिमेला गेली.

दुसऱ्या टोकाला सायबेरियातलं अल्ताय. पाझिरिकच्या गोठलेल्या थडग्यांत चिनी रेशमावर भरतकाम केलेला खोगिराचा झूल मिळाला, चिनी आरसाही मिळाला. हे चांग छियेनच्या निदान शतकभर आधीचं. तिथे ना वकील गेला होता ना फौज.

आणि तारीमच्या वाळवंटातल्या ममी. त्यांच्या चेहऱ्यावरून 'पश्चिमेचे गोरे लोक' असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०२१ मध्ये जनुकीय अभ्यास आला, आणि निघालं काय, तर सगळ्यात जुन्या ममी स्थानिक, फार पूर्वीपासून इतरांपासून अलग राहिलेल्या समूहाच्या होत्या. पण त्यांच्या कबरींत गहू आहे (पश्चिमेचा), चिनी भरडधान्य आहे (पूर्वेचं), आणि दुधापासून केलेलं चीजही आहे. रक्त अलग, ताट सगळीकडचं. चेहरे बघून वंशावळ लावणाऱ्यांनी हे लिछियेनवाल्यांच्या गळ्यात बांधावं.

शंकासुर

दोघांचेही आभार. लिछियेनचा निकाल लागला असं समजतो, ती १,५१८ ची नोंद पुढच्या वेळी व्हिडिओखाली चिकटवणार आहे.

आता प्रश्न बदलतो. दरबाराचे लोक पोचले नाहीत हे कळलं. मग माल नेमका कोण नेत होतं? 'व्यापाऱ्यांचे तांडे' हे उत्तर मला धूसर वाटतं. नाव-गाव असलेला एखादा तरी माणूस?

जुना जकातदार

नाव-गाव आहे, पत्रंही आहेत. पण खापरखुंटी म्हणतात ते मान्य करून एक जोडतो: राणीच्या कबरीतला दगड हातोहात आला असेल. हान काळात जे बदललं ते प्रमाण, आणि ते बदललं सरकारी खर्चाने.

ठरल्याप्रमाणे घोडे आधी. सम्राट वूला फरगानाचे उमदे घोडे हवे होते, तिथला राजा देईना. इ.स.पू. १०४ ला पहिली मोहीम उपाशी परत आली. दुसऱ्या वेळी सेनापती ली ग्वांगली दुनहुआंगहून (चीनच्या पश्चिम सीमेवरचं ठाणं) निघाला तेव्हाची नोंद: ६० हजार सैनिक, एक लाख बैल, ३० हजारांवर घोडे. इ.स.पू. १०१ मध्ये विजयी होऊन परतला. मिळालं काय? उत्तम प्रतीचे काही डझन घोडे, मध्यम प्रतीचे तीन हजारांवर. आणि यूमनच्या, म्हणजे जेड दरवाजाच्या, नाक्यातून आत आले किती? माणसं दहा हजारांवर, फौजेचे घोडे हजारावर. नेले तीस हजार, आणायला गेले घोडेच! इतिहासकार सिमा छियेन याने कारणही दिलंय: अन्न कमी नव्हतं, लढाईतही फार मेले नाहीत, पण अधिकारी खाबू होते, शिपायांच्या वाट्याचं त्यांनीच लुबाडलं, म्हणून एवढी माणसं गेली. सिमा छियेन त्याच सम्राटाच्या दरबारात नोकरीला होता हे लक्षात घ्या.

एवढं करून वाट ताब्यात आली. मग ती राखायला चौक्या, बुरूज, शिबंदी. शिबंदीला पगार हवा. तांब्याची नाणी एवढ्या लांब वाहून नेणं जिकिरीचं, म्हणून रेशमाचे तागे जायचे. दुनहुआंगजवळच्या एका बुरुजात पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला रेशमाची एक पट्टी मिळाली, तिच्यावर शाईने मजकूर: रनछंग राज्यातल्या खांगफूचा एक तागा, रुंदी २ फूट २ इंच (त्यांच्या मापाने), लांबी ४० फूट, वजन २५ ल्यांग, किंमत ६१८ नाणी. रनछंग म्हणजे पार पूर्वेला शांतुंगमध्ये. देशाच्या एका टोकाला विणलेलं कापड दुसऱ्या टोकाच्या वाळवंटात, लेबलासकट. मला कुठल्याही राजमुकुटापेक्षा ही चिंधी जास्त बोलकी वाटते. शिपाई तो तागा अंगाला थोडाच गुंडाळणार. तो धान्य घेणार, आणि तागा पुढे सरकणार.

आता माणसं. दुनहुआंगच्या पूर्वेला श्वेनछुआन नावाची सरकारी टपालचौकी होती. १९९० ते १९९२ दरम्यान ती उकरली, तर वीस हजारांहून जास्त लिहिलेल्या लाकडी पट्ट्या निघाल्या. कोण आलं, किती जण, किती जेवले, घोड्यांना चारा किती. खोतानचा राजा आला तेव्हा लवाजमा हजाराच्या वर. या दफ्तरातलं माझं लाडकं प्रकरण इ.स.पू. ३९ चं. खांगजू राज्याच्या (समरकंदकडचा मुलूख) वकिलांनी उंट आणले होते. त्यांची तक्रार अशी: पूर्वी आलो तेव्हा वाटेत जेवणखाण मिळायचं, या वेळी जिओछुआनमध्ये मिळालं नाही. शिवाय तिथल्या अधिकाऱ्यांनी आम्हाला समोर न घेताच उंटांची पारख केली, धष्टपुष्ट उंट 'रोडका' लिहिला आणि पांढरा उंट 'पिवळा' लिहिला. त्यामुळे किंमत कमी धरली. राजधानीहून चौकशीचा हुकूम सुटला, तो या पट्ट्यांवर आहे.

नोकरीत अशा तक्रारी मी दोन्ही बाजूंनी पाहिल्यात, त्यामुळे कोण खरं होतं यावर पैज लावणार नाही. पण बघा, हे 'वकील' उंटाच्या भावावरून भांडतायत. नजराणा हा शब्द वर, खाली चोख सौदा.

आणि नावं हवीत ना? त्याच भागातल्या दुसऱ्या एका बुरुजात स्टाइनला १९०७ मध्ये सुग्दी भाषेतली पत्रं मिळाली, वाटेत गहाळ झालेल्या डाकेतली. काळ इ.स. ३१३ च्या आसपास, म्हणजे हान जाऊन शतक होत आलेलं. एक पत्र नानैवंदक नावाच्या आडत्याने समरकंदच्या मालकाला लिहिलंय. लोयांग शहर जळालं, बादशहा पळाला, तिथे राहणारे भारतीय आणि सुग्दी उपासमारीने मेले, असं सगळं सांगून हा गृहस्थ शेवटी कस्तुरीच्या ३२ नाफ्यांची (पिशव्यांची) व्यवस्था लावतो: कुणाला किती द्यायचं, पोरक्या मुलाच्या वाट्याचं काय करायचं. लोयांगमध्ये भारतीय वस्ती होती हे एका बाहेरच्या व्यापाऱ्याच्या खासगी पत्रातून कळतं. शंकासुरराव, नकाशात जागा भरायला नव्हे.

दुसरं पत्र मिवनाय नावाच्या बाईचं. नवऱ्याने तिला आणि मुलीला दुनहुआंगमध्ये आणून सोडलं आणि गायब झाला. कर्ज झालं, मायलेकींवर चिन्यांच्या घरी चाकरीची वेळ आली. ती लिहिते की तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची नाहीतर डुकराची झाले असते तर बरं. सतराशे वर्षांनी अवघ्या जगाने वाचलं. ज्याने वाचायला हवं होतं त्याच्यापर्यंत काही ते पोचलं नाही.

अवांतर: तारीमच्या दक्षिणेकडच्या नीया गावी खरोष्ठी लिपीतले शेकडो सरकारी लाकडी हुकूमनामे मिळालेत, तिसऱ्या-चौथ्या शतकातले. भाषा गांधारी प्राकृत. हुकूम सुरू होतो 'महनुअव महरय लिहति' असा. आपल्याला कोश लागत नाही. वर मातीची मोहोर, आणि काही मोहरांवर चक्क ग्रीक देवी अथेना. ह्युएन त्सांग मुद्दामच काढत नाही, तो तीन शतकं पुढचा आणि त्याला वेगळा धागा लागेल.

खारा वारा

सगळे उंटांवरच बसलेत म्हणून समुद्राची बाजू मांडतो.

'हान शू'च्या भूगोलाच्या प्रकरणात दक्षिण किनाऱ्यावरून निघणारी एक सागरी वाट दिलीय. दरबारचे लोक सोनं आणि रेशीम घेऊन निघायचे, परदेशी गलबतं बदलत बदलत ह्वांगची नावाच्या राज्यात पोचायचे आणि तिथून मोती, काच, दुर्मिळ रत्नं आणायचे. हे ह्वांगची म्हणजे कांचीपुरम, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. इ.स. २ मध्ये तिथून जिवंत गेंडाही आला होता. दरबार ताब्यात घेऊ पाहणाऱ्या वांग मांगला 'परदेशीही मला मानतात' हे दाखवायला तो हवाच होता. गेंड्याचा असा राजकीय वापर नंतर फारसा कुणी केला नसावा.

उलट बाजूने, पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत लिहिलंय की थीनाचं (म्हणजे चीनचं) रेशीम, सूत आणि कापड बॅक्ट्रियामार्गे खुष्कीने भडोचला येतं आणि तिथून जहाजावर चढतं. म्हणजे पार्थियनांना बगल द्यायची वाट तयार होती, ती कुशाणांच्या मुलखातून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत होती. शंकासुर यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे थोडं बदलतं. पार्थियाने वकिलांना अडवलं, मालाला नाही. रोमन लेखक प्लिनी वैतागून म्हणतो की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून रोमचे दरसाल दहा कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतात. आकडा फुगवलेला असेल, पण वैताग खरा आहे.

आणि एकच माणूस सांगायचा तर चिनी बौद्ध भिक्षू फाहियान. इ.स. ३९९ मध्ये चांगआनहून पायी निघाला, परतला समुद्रामार्गे. सिंहलद्वीपात अभयगिरी विहारात बुद्धमूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने पांढऱ्या चिनी रेशमाचा पंखा वाहिलेला त्याला दिसला आणि त्याला रडू कोसळलं. इतक्या वर्षांत गावाकडची एकही वस्तू बघितली नव्हती. परतीच्या वाटेवर वादळात जहाजावरच्या ब्राह्मणांनी ठरवलं की या भिक्षूमुळेच संकट आलं, याला एखाद्या बेटावर उतरवून टाकू. एका प्रवाशाने दम दिला की चीनला पोचल्यावर राजाला सांगेन, तेव्हा कुठे ते थांबले. ४१२ मध्ये जहाज भरकटत शांतुंगला लागलं. जायचं होतं ग्वांगचौला.

शंकासुर

खारा वारा, 'वकिलांना अडवलं, मालाला नाही' हे पटलं.

जकातदारकाका, एक शेवटचं. हे वकील म्हणजे वेषांतर केलेले व्यापारी, हे तुम्हाला दोन हजार वर्षांनी दिसतंय. चिनी दरबाराला दिसत नव्हतं का? की कळूनही जेवू घालत होते?

जुना जकातदार

चांगलं कळत होतं, आणि त्यावर लेखी मत दिलेलं आहे. सम्राट छंगच्या काळात (इ.स.पू. ३३ ते ७) जिबिनहून, म्हणजे काश्मीर-गांधाराकडून, वकील आले. त्याआधी जिबिनने हान वकिलांना मारलं होतं, आता माफी मागायला आले होते. परत जाताना त्यांना पोचवायला माणसं द्यायची का, हा प्रश्न दरबारात आला. तू छिन नावाच्या माणसाने साफ सांगितलं: नजराणा घेऊन आलेल्यांत ना राजघराण्यातलं कुणी आहे ना सरदार. सगळे फिरते व्यापारी, हलके लोक. यांना खरेदी-विक्री करायचीय, नजराणा हे नुसतं निमित्त.

त्याने वाटेचं वर्णनही केलंय. मोठा डोकेदुखी डोंगर, छोटा डोकेदुखी डोंगर, मग ताप चढवणारा उतार, जिथे माणसाचा रंग उडतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, आणि गाढवं-गुरंही त्यातून सुटत नाहीत. उंचावरच्या विरळ हवेचा त्रास आहे हा, लक्षणांसकट नोंदलेला. पुढे झुलत्या कड्यावरून दोराला धरून जायचं. आपली माणसं एवढ्यासाठी तिथवर कशाला घालवायची, असा त्याचा सवाल होता.

दरबाराने त्याचं ऐकलं आणि सोबत पाठवायची ती फक्त तारीमच्या दक्षिणेकडच्या पीशानपर्यंत, असं ठरलं. पण येणाऱ्यांना बंदी नाही घातली. का, याचं कारण मला तरी सरळ दिसतं. लांबून वकील आले की सम्राटाचा दबदबा वाढतो, आणि पश्चिमेकडची छोटी राज्यं शिओंग्नूंकडे जाण्याऐवजी इकडे बघतात. त्या मानाने काही माणसांचं जेवण आणि उंटांचा चारा म्हणजे चिल्लर खर्च. जिबिनवाल्यांना बक्षिसीही मिळत होती आणि बाजारही, म्हणून ते दर काही वर्षांनी येत राहिले. हे शेवटचं वाक्य माझं नाही, 'हान शू'तलंच आहे.